मार्लीस नोआकचा हात

मार्लीस नोआकच्या हाताला यश आहे, असं आडलर्सहोफच्या त्या संशोधन संस्थेत सगळे म्हणत. तिने केलेली सौरपेशी अंगावर पडलेल्या उजेडाची एकतीस टक्के वीज करायची आणि बाकीच्यांची अठ्ठावीसवर अडकून बसायची. कृती तीच, बाटल्या त्याच, खोलीही तीच. मग फरक हातातच असणार, असं नावापुढे डॉक्टर लावणाऱ्या शहाण्यांनी ठरवून टाकलं आणि पुढे डोकं चालवायचा त्रास घेतला नाही. सहा वर्षं हे कौतुक चाललं. मग एका एप्रिलमध्ये तिचाही आकडा घसरला, आणि ज्या तोंडांनी हाताचं कौतुक केलं होतं तीच तोंडं हाताला नावं ठेवू लागली.

काम सांगायला सोपं आहे. पेशी दुमजली असते. खालचा मजला सिलिकॉनचा, त्याला लाल उजेड पचतो. वरचा मजला पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा, केसाहून कितीतरी पातळ, त्याला निळा-हिरवा उजेड पचतो. दोघांनी वाटून घेतलं की उजेड वाया जात नाही. पण वीज दोन्ही मजल्यांतून एकाच वाटेने जाते, त्यामुळे एकाने अंग चोरलं की दुसऱ्याचे कष्ट पाण्यात. म्हणून वरचा थर अगदी हवा तेवढाच आणि सगळीकडे सारखा बसावा लागतो. हातमोजे बसवलेल्या काचपेटीत हात घालायचे, गरगर फिरणाऱ्या तबकडीवरच्या सिलिकॉनच्या पट्टीवर द्रावण सोडायचं, पंचविसाव्या सेकंदाला दुसऱ्या द्रावणाचा थेंब टाकायचा. चोविसाव्याला नाही, सव्विसाव्याला नाही. मग पट्ट्या पेटीबाहेर काढून हॉटप्लेटवर वीस मिनिटं शेकायच्या. कृतीच्या कागदावर अशा त्रेचाळीस पायऱ्या होत्या आणि मार्लीस एकही पायरी चुकवत नसे.

हे हात तयार झाले होते ओबरशोनेवायडेच्या कारखान्यात. तिथे टीव्हीच्या काचनळ्या बनत. सोळाव्या वर्षी ती तिथे शिकायला लागली आणि विशीत काचेवर असा लेप चढवायची की मुख्य कारागीर पाहुण्यांना तिच्याच टेबलापाशी आणून उभं करत. मग पूर्व-पश्चिमेमधली भिंत पडली, पूर्वेकडचा तो देश गेला, देशामागोमाग कारखानाही गेला. नव्या राज्याच्या रोजगार कचेरीत पश्चिमेतल्या स्टुटगार्टहून आलेल्या एका गोऱ्यागोमट्या पोराने तिचं प्रमाणपत्र दोन बोटांत धरून विचारलं होतं, "तुमच्याकडे तराजूचा काटा वाचायला शिकवत होते का?"

"शिकवत होते," मार्लीस म्हणाली. "शिवाय समोरच्याशी नीट बोलायलाही शिकवत होते. तुमच्याकडे दुसरं राहिलेलं दिसतंय."

त्या एका उत्तरापायी तिला सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागली. तिने दिली, पहिली आली, आणि निकालाचा कागद त्या पोराच्या टेबलावर ठेवून मागे न बघता निघून गेली. मधली दोन वर्षं तिने बेकरीत पाव भाजले. नवरा पश्चिमेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. ती मात्र योहानिस्थालच्या दोन खोल्यांत राहिली, या संस्थेत लागली आणि रोज सकाळी सातच्या ठोक्याला सायकल लावून कोट चढवू लागली. बासष्टाव्या वर्षीही तेच चाललं होतं. निवृत्तीला अजून चार वर्षं आणि वर काही महिने होते, आणि ते तिला हवे होते, त्याच टेबलाशी.

त्या जानेवारीत बर्फावरून सायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवली, सहा स्क्रू घातले. मार्चमध्ये ती कामावर परतली आणि पहिल्याच आठवड्यात पुन्हा एकतीस दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एप्रिलच्या मध्यापासून मात्र अठ्ठावीस. मेमध्ये अठ्ठावीस. तिने बाटल्या बदलल्या, तबकडी पुसून पुसून झिजवली, सेकंदाचा काटा तीनदा तपासला, पण आकडा हलायला तयार नाही.

जूनच्या पहिल्या सोमवारी विभागप्रमुख डॉक्टर टीडेमान यांनी तिला बोलावलं. हाही पश्चिमेकडचा, हॅनोव्हरचा माणूस, पंचेचाळिशीचा, हुशार, आवाज कधी न चढवणारा. अशा माणसाशी भांडायला फार त्रास पडतो.

"फ्राउ नोआक, बसा ना."

"उभी बरी आहे."

"हे बघा, कोणी तुमच्यावर आरोप करत नाहीये. एवढं मोठं फ्रॅक्चर, त्यात वय. सगळ्यांचंच होतं."

"तुमचंही होतंय. तुम्हाला कुठे हलवतायत?"

टीडेमान कसनुसं हसला. एक जुलैपासून तिने तळघरातलं रसायनांचं कोठार सांभाळावं, असं त्याने बोलावण्याच्या चिठ्ठीतच सुचवलं होतं. बाटल्या द्यायच्या, बाटल्या घ्यायच्या, लेबलं लावायची.

"मार्चमध्ये एकतीस आलेच होते ना? हेच मनगट होतं, हेच स्क्रू होते."

"तेव्हा उत्साह होता. आता थकवा जाणवत असेल. तुम्हालाही कळत नसेल."

"माझा हात थकला हे मला कळत नाही आणि तुम्हाला या खुर्चीतून कळतं?"

"आकडे बोलतात, फ्राउ नोआक."

"मग त्यांनाच कोठारात पाठवा."

तिने विचारलं, हे सगळं लिहून गेलंय का? गेलं होतं. कार्मिक विभागात तिच्या फाइलला एक टिपण लागलं होतं. तिने ते मागून घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. 'हातकामात अस्थिरता दिसून येते.' एवढंच. शेहेचाळीस वर्षांच्या कामावर चार शब्द! कोठाराचं तिला वाईट वाटलं, पण त्या चार शब्दांचा जो राग आला तो वेगळाच होता. कारण कोठारातून माणूस भांडून वर येऊ शकतो, फाइलीतलं वाक्य मात्र मेल्यावरही तिथेच राहतं.

ती तडक मोजणीच्या खोलीत गेली. तिथे उवे ग्राबोव बसायचा, तिच्याच वयाचा, जन्माचा इथलाच, क्योपेनिकचा, नकली सूर्य म्हणवणाऱ्या दिव्याखाली प्रत्येकाच्या पेशी मोजणारा. अख्ख्या मजल्यावर तिला 'तू' म्हणणारा तो एकटाच.

"काय गं, थोबाड का असं? कोणी मेलं का?"

"मीच. जुलैत पुरणार आहेत, तळघरात."

त्याने सगळं ऐकून घेतलं, अर्धा सॉसेज पाव संपवला, बोटं पुसली आणि तिच्या दोन महिन्यांच्या मोजण्या पडद्यावर आणल्या.

"तो टीडेमान शेवटचा आकडा तेवढा बघतो. जरा इकडे बघ. हा करंट. हात थरथरला असता तर थर कुठे जाड, कुठे पातळ झाला असता आणि हा वरखाली नाचला असता. नाचतोय का?"

"नाही."

"जानेवारीच्या आधी होता तसाच आहे, काडीचा फरक नाही. पडलंय ते व्होल्टेज. व्होल्टेज हाताने पडत नाही, पोरी. तुझा थर उत्तम बसतोय. बसल्यानंतर त्याला काहीतरी होतंय."

"अरे पण मी काही बदललेलंच नाही! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पायऱ्या तशाच आहेत."

"मग चव्वेचाळिसावी कुठली ते शोध. आणि हे बघ, एक गंमत. तुझा आकडा दरवर्षी कडक थंडीत थोडा उतरायचा आणि सप्टेंबरात चढायचा. मला वाटायचं, गारठ्यात बाईची बोटं आखडत असतील."

"माझी बोटं कधी आखडत नाहीत."

"बरं बाई, नसतील आखडत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उवे तिच्या खोलीत डोकावला. पट्ट्या हॉटप्लेटवर शेकत होत्या. त्याने दारातच नाक मुरडलं.

"शी! काय कोंदट वास मारतोय. हवा घेत नाहीस का?"

"घेऊ कशी? एप्रिलमध्ये इमारतवाल्यांनी खिडकीची मूठ काढून नेली, कोणी उघडू नये म्हणून. अख्ख्या मजल्याच्या नेल्या."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

आता तिथल्या माणसांविषयी एक गोष्ट बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. ही माणसं खिडकी उघडत नाहीत, हवा घेतात. बाहेर हिमवर्षाव असो की वणवा, सकाळी पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, खोलीतली शिळी हवा घालवायची आणि मग जगाला सुरुवात करायची. भाड्याच्या करारात हे लिहिलेलं असतं, न घेतल्यास शेजारीण बोल लावते. प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद ठेवाव्यात अशी पाटी दाराला पहिल्यापासून होती. पण ती पाटी खिडकी उघडी टाकणाऱ्या गबाळ्यांसाठी आहे, हवा घेणाऱ्यांसाठी नाही, असं मार्लीस धरून चालली होती. पट्ट्या शेकायला लागल्या की द्रावणाचा वास सुटायचा आणि तिचा हात आपसूक मुठीकडे जायचा. ही पायरी तिने कागदावर कधी लिहिली नव्हती, कारण ती पायरी आहे असंच तिला कधी वाटलं नव्हतं.

"छतावरचं यंत्र खोली कोरडी ठणठणीत करतं," उवे हळूच म्हणाला. "तू रोज सकाळी तिच्यात ओलावा आत घेत होतीस. बाकीचे साहेब दहाला येतात. तोवर खिडकी बंद, खोली पुन्हा कोरडी, आणि त्यांचे अठ्ठावीस."

"आणि कडक थंडीत बाहेरची हवाही कोरडी असते."

"बोटं आखडत नव्हती तर!"

मार्लीस हसली नाही. तिला आधी आनंद झाला, पण तो टिकला नाही. सहा वर्षं पाहुणे आले की तिला बोलावलं जायचं, हाच तो हात म्हणून दाखवलं जायचं. ती वरवर खांदे उडवायची, पण घरी जाताना सायकल जरा हलकी चालायची. आणि आता कळत होतं की एकतीस हातात नव्हते, खिडकीत होते. खिडकीचं बोलली तर टिपण खोटं ठरेल, पण कौतुकही खोटं ठरेल. वर नियम मोडल्याचा कबुलीजबाब. गप्प बसली तर कोठारात जाईल, पण लोक तळघराच्या जिन्यात का होईना म्हणतील, एके काळी काय हात होता बाईचा!

त्या दिवशी ती घरी गेली, चहाही न करता पेचकस घेतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची मूठ काढली. तिथल्या सगळ्या खिडक्यांच्या मुठी एकाच मापाच्या असतात. झोपायच्या खोलीतलं हवेचा ओलावा दाखवणारं छोटं घड्याळही तिने पिशवीत टाकलं. खोटं कौतुक तिला नको होतं. तिला तिचं खरं हवं होतं, ते जेवढं असेल तेवढं.

बुधवारी सकाळी तिने एकाच बाटलीतून, एकाच बैठकीत आठ पेशी करायला घेतल्या. चार पट्ट्या खिडकी बंद ठेवून शेकल्या. घड्याळ नऊ टक्के दाखवत होतं. मग घरची मूठ बसवली, खिडकी सताड उघडली, काटा एक्केचाळीसवर येऊ दिला आणि उरलेल्या चार प्लेटवर मांडल्या. बारा मिनिटं झाली असतील, तोच दार उघडलं.

"फ्राउ नोआक! खिडकी उघडी कशी? आणि ही मूठ कुठून आली?"

"माझ्या स्वयंपाकघरातून."

टीडेमान प्लेटपर्यंत चालत आला. मग त्याचा तो न चढणारा आवाज पहिल्यांदा चढला. "ओलावा या पदार्थाचा शत्रू आहे! पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल तुम्हाला!"

"मग त्यालाच विचारा, त्याचे एकतीस का येत नाहीत."

"आत्ताच्या आत्ता बंद करा हे."

"वीसपैकी आठ मिनिटं राहिलीत. तोवर तुम्ही बोला, मी प्लेटकडे बघते."

"मी तुम्हाला लेखी समज देऊ शकतो."

"द्या. फाइल उघडीच आहे, आणखी एक कागद मावेल. पण त्यात नीट लिहा. नोआकबाई सहा वर्षं रोज सकाळी हवा घेत होत्या, तुमच्या पाटीच्या नाकावर टिच्चून. एप्रिलमध्ये तुम्ही मूठ नेलीत आणि तुमचे तीन टक्के खिडकीबाहेर राहिले."

टीडेमान थबकला. माणूस हुशार होता, हे आधीच सांगितलंय. त्याने काट्याकडे बघितलं, प्लेटकडे बघितलं आणि मनातल्या मनात महिने मोजले. दिवस कुठला, मूठ कधी गेली, आकडा कधी पडला.

"तुम्ही हे आधी का नाही बोललात?"

"हेर डॉक्टर, तुम्ही श्वास घेता ते कुठे लिहून ठेवता?"

पट्ट्यांवर बाकीचे थर चढवून पेशी दुपारी उवेकडे गेल्या. त्यांवर नुसते आकडे होते, कुठली कशात शेकली ते त्यालाही सांगितलं नव्हतं. टीडेमान त्याच्या खुर्चीमागे उभा राहिला, मार्लीस दाराशी. नकली सूर्य आठदा पेटला. अठ्ठावीस पूर्णांक एक. एकतीस पूर्णांक दोन. सत्तावीस पूर्णांक नऊ. तीस पूर्णांक नऊ. उवे एकेक आकडा रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाचत गेला. शेवटी मार्लीसने खिशातला कागद काढला आणि जुळवला. खिडकीच्या चारही पेशी वर होत्या, बंद खोलीतल्या चारही खाली.

टीडेमान पोरासारखा खूश झाला. शेकताना थोडा ओलावा मिळाला की स्फटिक मोठे होत असतील, कडा सांधल्या जात असतील, म्हणून व्होल्टेज टिकत असेल, असं तो भराभरा बोलत सुटला. आता एक बंद कपाट बनवायचं, त्यात ओलावा बरोबर चाळीस ठेवायचा, कृतीत चव्वेचाळिसावी पायरी घालायची. मग एकदम थांबून तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या हातात वेगळं असं काही नव्हतंच, फ्राउ नोआक. कपाट असलं की हे कुणालाही जमेल."

उवेने जोरात खुर्ची सरकवली. मार्लीसने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. तिला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"नव्हतं," ती म्हणाली. "हे ऐकायला मला काही गोड वाटत नाही. पण ते सिद्ध मीच केलं, तुम्ही नाही. सहा वर्षं जे हातात नव्हतं ते तुम्ही मिरवलंत, आणि दोन महिने जे हातात नाही त्याचा ठपका ठेवलात. पहिलं मी सोडून दिलं. दुसरं तुम्ही काढा."

"कोठाराचा विषय अर्थातच संपला. तुम्ही इथेच राहाल. टिपणाचं सवडीने बघू."

"सवड आत्ता आहे. मी वर येते तुमच्याबरोबर."

खरोखरच ती त्याच्या मागोमाग जिना चढून खोलीत गेली आणि टेबलासमोर उभी राहिली. या वेळी त्याने बसा म्हटलं नाही. कार्मिक विभागाचं छापील पान काढून त्याने लिहिलं, सही केली आणि तिच्याकडे सरकवलं. मार्लीसने ते सावकाश वाचलं. 'आकड्यांतील घट हवेतील आर्द्रता कमी झाल्यामुळे होती. फ्राउ नोआक यांच्या हातकामात दोष आढळला नाही.'

"हे नाही चालणार."

"का? दोष नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

"आढळला नाही, असं लिहिलंय. न शोधता काहीच आढळत नसतं. आधीच्या कागदात तुम्ही अस्थिरता दिसून येते म्हणालात. कधी बघितली होतीत?"

टीडेमानने पेन खाली ठेवला.

मार्लीसने बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि दोन्ही हात त्याच्या टेबलावर, त्या कागदाच्या वीतभर वर, बोटं पसरून धरले. उजव्या मनगटावर जखमेची लांब गुलाबी रेघ होती, नखं द्रावणाने पिवळी पडलेली होती.

"आता बघा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

बाहेरच्या वाटेवरून जेवून परतणाऱ्यांचे आवाज आले आणि विरून गेले. टीडेमानने आधी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि शेवटी, दुसरीकडे बघायला काही उरलं नाही तेव्हा, हातांकडे. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पेन उचलला, दोषाचं ते अख्खं वाक्य खोडलं आणि त्यावर लिहिलं, 'हात स्थिर आहेत. मी स्वतः पाहिले.'